आवाज न करणारा लायनर

गर्दी एवढी, की चौथऱ्यापर्यंत पोचायला मला दोन्ही कोपरं वापरावी लागली आणि तरीही तिसऱ्याच रांगेत जागा मिळाली. रविवारची सकाळ, नऊचा सुमार. आमच्या गॅरेजच्या गल्लीत एकही शटर उघडं नव्हतं. पेंटर, वेल्डर, पंक्चरवाले, रेडिएटरवाले, सगळे हात घासून धुऊन, स्वच्छ शर्ट घालून मैदानाच्या टोकाला पत्र्याच्या मांडवाखाली उभे. एरवी गिऱ्हाइकाला "दुपारी या" सांगून संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवणारी ही माणसं इथे सकाळी सहापासून रांग लावून होती.

मांडवात कमरेएवढा सिमेंटचा चौथरा. त्यावर एका जुन्या मोटारीचं धूड. दारं नाहीत, टप नाही. नुसतं इंजिन, गियरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ॲक्सलच्या दोन टोकांना दोन चाकं. लोखंडी घोडीवर ठेवल्यामुळे चाकं वीतभर अधांतरी. प्रत्येक चाकावर मध्यापासून काठापर्यंत एक पांढरा पट्टा ओढलेला, म्हणजे फिरताना लांबूनही दिसावं. इंजिनावर पितळी पाटी: शाळेच्या व्हॅनच्या मालकाकडून सप्रेम अर्पण. आणि या सगळ्याच्या पुढ्यात उंच लाकडी आसनावर, गुडघ्यांवरून पार खालपर्यंत जाड शाल सोडून, चाकबाबा.

उकाडा असा, की उभ्याउभ्या पाठीवरून घाम ओघळत होता. आणि ह्याच्या पायांवर शाल! तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं. मीही नाही विचारलं.

"बोला, खरं कोण?" बाबा गरजला.

"चाक खरं!" गर्दी.

"चाकाला नातं आहे?"

"नाही!"

"चाकाला भीती आहे?"

"नाही!"

"चाकाला पोट आहे?"

"नाही!"

पोट बाबाला होतं, चांगलं दोन माणसांचं, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

रीत अशी. दोन माणसांचं भांडण असेल, तर एकाला डाव्या चाकासमोर स्टुलावर बसवायचं, दुसऱ्याला उजव्या. बाबाचा चेला इंजिन सुरू करून गियर टाकतो. दोन्ही चाकं सारखी फिरू लागतात. बाबा डोळे मिटून पुटपुटतो. जरा वेळाने एक चाक हळू होतं आणि थांबतं. त्याच क्षणी दुसरं दुप्पट वेगाने पळू लागतं. ज्याच्या समोरचं चाक थांबलं, तो खोटा. ज्याचं पळालं, तो खरा. वर बाबाचं पालुपद: "खोट्याची गती खऱ्याला जाते रे, खोट्याची गती खऱ्याला!"

त्या रविवारी डाव्या स्टुलावर शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता. उजव्या स्टुलावर माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, पण मी लग्न होऊन आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या शर्टाची बटणं मी लावलेली आहेत.

आता मी कोण ते सांगते. मी लायनरवाली. ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला आतून जी पट्टी घासते, ती लायनर. ती अर्धगोल लोखंडी ब्रेकशूवर बसवलेली असते. झिजली की जुनी उपटायची, नवी रिव्हेट मारून ठोकायची, कडा तासायच्या. नवरा गेल्यापासून बारा वर्षं मी हेच करते. शेजारच्याच गाळ्यात भाऊजी. ॲक्सल आणि ब्रेकचं काम त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही, हे त्यांच्याशी भांडलेली माणसंसुद्धा कबूल करतात.

झालं होतं ते असं. सोमवारी शाळेची व्हॅन भाऊजींकडे आली. मागच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळत होता. भाऊजींनी नवा मागवला आणि व्हॅनच्या काचेवर चॉकने मोठ्या अक्षरांत लिहिलं: नेऊ नये. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. 'नेऊ' ऱ्हस्व काढलं म्हणून मी त्यांना हसलेही होते. मंगळवारी सकाळी भाऊजी यायच्या आत ड्रायव्हरने खिळ्यावरची किल्ली घेऊन व्हॅन नेली. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर ब्रेक लागला नाही. व्हॅनमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक मुलगी असायची, बावीस वर्षांची, मुलं तिला ताई म्हणायची. ती दार धरून उभी राहिली, मुलांना आत ढकलत. मुलं वाचली. ती भिंत आणि व्हॅनच्या मध्ये सापडली आणि जागीच गेली.

ड्रायव्हर म्हणाला, मेकॅनिकने "ने, झालंय" म्हणून सांगितलं. चॉक पावसापाण्याने नव्हे, फडक्याने पुसला गेला होता. आणि मी साक्ष द्यायला गेले तर लोक म्हणाले, तुम्ही घरच्याच.

"चौकीत वर्षं जातात," व्हॅनचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला. "चाकाला पाच मिनिटं लागतात. मन साफ असेल तर बसा."

"नका बसू," मी भाऊजींना म्हटलं. "अहो, तुम्ही डिफ्रन्शियल उघडणारे माणूस! तुम्हाला माहीत नाही का त्या चौथऱ्यावर काय आहे ते?"

"माहीत आहे, वहिनी. पण मी खोटं बोलत नाही ना? मग घाबरू कशाला?"

भोळेपणाला औषध नसतं हो. बसले.

चेल्याने इंजिन सुरू केलं. दोन्ही पांढरे पट्टे गरगरू लागले. भाऊजी हात गुडघ्यांवर ठेवून चाकाकडे बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. बाबाचं पुटपुटणं चढत गेलं. मग उजवं चाक हळू झालं. "चीं" असा बारीकसा आवाज आला, उंदीर ओरडावा तसा, आणि चाक थांबलं. डावं सुसाट सुटलं.

"खोट्याची गती खऱ्याला!" गर्दी ओरडली. कुणीतरी मागून भाऊजींच्या दिशेने चप्पल फेकली. ताईचे वडील पहिल्या रांगेत होते, म्हातारे शिंपीकाका. त्यांनी फेकलं काही नाही. नुसते बघत राहिले.

मला वाटलं भाऊजी उठून भांडतील. ते थांबलेल्या चाकावरच्या पट्ट्याकडे बघत बसून राहिले. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाले, "वहिनी, मी काचेवर खरंच लिहिलं होतं का? की लिहायचं ठरवलं होतं?"

"लिहिलं होतंत. मी वाचलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून बसले होते. शेजारचा गाळा बंद. अकराच्या सुमारास बाबाचा चेला आला, कागदात गुंडाळलेले दोन ब्रेकशू घेऊन. हा गेली चार वर्षं येतो. दर पाचसहा महिन्यांनी. मी कधी विचार केला नव्हता. देवाच्या गाडीचं काम म्हणून आधी करून द्यायचे, वर नमस्कारही करायचे. मूर्ख मी.

"उजव्या बाजूचे आहेत," तो म्हणाला. "आवाज करतायत. काल केला. तेवढा आवाज काढून टाका बाई, नेहमीसारखा."

माझा हात रिव्हेटच्या डब्यात होता, तो तिथेच राहिला.

लायनर लावून घ्यायला येणारा माणूस काय सांगतो? "बाई, ब्रेक धरला पाहिजे." बारा वर्षांत प्रत्येकाने हेच सांगितलंय. कुणाला लवकर झिजणारा नको असतो, कुणाला स्वस्तातला हवा असतो, पण धरला पाहिजे हे पहिलं. हा एकटाच असा, की ज्याला ब्रेक धरतो की नाही याच्याशी देणंघेणं नाही. आवाज नको, बस्स. आणि मी चार वर्षं त्याच्या लायनरच्या कडा खास तिरप्या तासून देत होते, कारण तशा तासल्या की लायनर किंचाळत नाही.

जी गाडी चौथऱ्यावरून जन्मात खाली उतरत नाही, तिला ब्रेक कशाला हवा? हा प्रश्न माझ्या डोक्यात चार वर्षांत आला नाही. कालचा "चीं" कानात पुन्हा वाजला तेव्हा आला. देवाला लायनर मीच पुरवत होते, आणि त्याच लायनरने माझ्या घरच्या माणसाचं चाक थांबवलं होतं.

मी चेल्याला शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "एका बाजूचे बदलून भागत नाही रे. डावीकडचेही घेऊन ये. दोन्ही सारखे असले म्हणजे कसं, आवाजाची कटकटच नको."

"पण रविवारच्या आत द्या."

"शनिवारी ने."

दुपारी मी भाऊजींच्या घरच्या खोलीत गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं. "अहो, ब्रेक आहे त्या चाकांना! बाबा दाबतो!"

ते ऐकत होते. त्यांनी मान हलवली. मग अगदी मास्तरासारखं, जसं ते शिकाऊ मुलांना सांगायचे तसं, सांगू लागले. "बरोबर आहे. दाबावा पण लागणार नाही, वहिनी. नुसता पाय टेकवला तरी पुरे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच सळईने बांधलं तर टायर फरफटतील. म्हणून मध्ये डिफ्रन्शियल. ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं, पण वेग ज्याचा त्याला घेऊ देतं. एक अडलं की त्याचा वेग दुसऱ्याला जातो. चिखलात नाही का, एक चाक गरगर फिरतं आणि कोरड्यातलं ढिम्म हलत नाही? फिरणाऱ्याला जेवढा थोडा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. मग गाडी कशी निघणार? चौथऱ्यावर तर दोन्ही चाकं हवेत. जोर लागतोच किती! लहान मुलाने हात लावला तरी थांबेल."

"मग? झालं तर!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्हीच तर सांगितलंत!"

"हो," ते म्हणाले. "पण माझ्याच बाजूचं का थांबलं?"

"मालकाने इंजिन अर्पण केलंय म्हणून! पाटी वाचली नाही का तुम्ही?"

ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग बरा वाटला, म्हणून तोच धरून मी दुकानात परत आले.

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मन लावून केलं. जुन्या बसचा कडक लायनर पोटमाळ्यावर पडला होता, तो काढला. चारही ब्रेकशूंवर तोच ठोकला. कडा तासल्या नाहीत. उलट कानशीने धार आणली. नवऱ्याने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, असं केलंस तर गाडी गावभर किंचाळत फिरेल. शनिवारी चेला ते घेऊन गेला, आणि जाताना म्हणाला, बाबा तुमच्यावर प्रसन्न आहेत.

रविवारी स्टुलांवर दोन शेजारी होते, सामाईक भिंतीवरून भांडणारे. मांडव फुल्ल. भाऊजींना मी अक्षरशः हाताला धरून आणलं होतं. शिंपीकाकाही होते.

"खरं कोण?"

"चाक खरं!"

इंजिन सुरू झालं. पट्टे गरगरले. बाबाने डोळे मिटले, पुटपुटला, आणि डावं चाक असं किंचाळलं, की पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. बाबा दचकला. किंचाळणं बंद. डावं पुन्हा फिरू लागलं. त्याने बहुतेक बाजू बदलली, कारण आता उजवं किंचाळलं. पट्टे कधी हा हळू, कधी तो हळू. गर्दी भांबावली. आज देव कुणाच्या बाजूने आहे तेच कळेना.

मी चौथऱ्यावर चढले. या वयात, या गुडघ्यांनी, साडी खोचून चढले, आणि कुणी अडवायच्या आत शाल ओढली.

आसनाखाली दोन पायपट्ट्या. सायकलच्या पॅडलएवढ्या. बाबाचे दोन्ही पाय अजून त्यांवरच होते. प्रत्येकीला एक वायर, ती सिमेंटमध्ये गाडलेल्या नळीतून थेट चाकाकडे गेलेली. साधी हँडब्रेकची वायर. आमच्या गल्लीत चार दुकानांत मिळते.

"बघा!" मी ओरडले. "डोळे उघडून बघा! डाव्या पायाने डावं, उजव्या पायाने उजवं! चाकाला पोट नाही, पण चाक थांबवणाऱ्याला आहे! आणि हे जे दुसरं चाक दुप्पट पळतं ना, ते सत्यामुळे नव्हे, डिफ्रन्शियलमुळे! अहो, तुम्ही मेकॅनिक आहात! घोडीवर गाडी घेतली, गियर टाकला आणि एक चाक लाकडाने धरलं तर काय होतं? सांगा ना! रोज बघता की नाही?"

मला वाटलं, आता. आता हे सगळे चौथऱ्यावर चढणार.

गियरबॉक्सवाले काका आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. ते घसा साफ करून म्हणाले, "डिफ्रन्शियल आम्हाला शिकवू नकोस, बाई. पस्तीस वर्षं झाली. आपल्या गॅरेजमधलं डिफ्रन्शियल वेगळं. हे वेगळं."

"काय वेगळं आहे? दात मोजून दाखवू?"

"हे देवापुढे ठेवलेलं आहे."

मी वाकून ॲक्सलकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात बाबा सावरला. असल्या लोकांना सावरायला फार वेळ लागत नाही. दोन्ही पाय उचलून त्याने सगळ्यांना दाखवले आणि हसला. "लेकरांनो, पाय कुणाचा?"

त्याने चहूकडे नजर फिरवली.

"पाय माझा. मी कधी नाही म्हटलं? पण पायात बळ कुणाचं? माझे डोळे मिटलेले असतात. कुठला पाय दाबायचा ते मला कोण सांगतं?"

मागून एका बाईचा हळू आवाज आला, "तोच."

"कोण सांगतं?"

"तोच!" या वेळी पन्नास आवाज. तिसऱ्या वेळी सगळा मांडव. मला त्यांचे चेहरे दिसत होते. त्यांना बरं वाटलं होतं. घसरता घसरता हाताला कठडा लागावा तसे सगळे एकदम सुटल्यासारखे झाले होते, आणि मला तर किळस आली, खोटं कशाला सांगू. चेल्याने माझ्या हातातली शाल घेतली आणि बाबाच्या पायांवर नीट पसरली.

मी खाली उतरले. शिंपीकाका वाटेत उभे होते. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही तरी बघितलंत ना? भाऊजींचा दोष नव्हता. दोष व्हॅन नेणाऱ्याचा होता, न्यायला लावणाऱ्याचा होता."

"बघितलं," ते म्हणाले.

"मग बोला ना चार लोकांत!"

"बाई, माझी पोर गेली. मालकाशी मी काय भांडणार? त्याचे वकील आहेत. मला कुणीतरी एक माणूस सापडला होता, ज्याच्यावर मी रागावू शकतो. तुम्ही तोही काढून घेताय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

भाऊजी रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आले. मी आशेने विचारलं, "बघितलंत की नाही पायपट्ट्या? वायर बघितलीत?"

"बघितली. चांगली बसवली आहे. सिमेंटमध्ये नळी टाकली म्हणून गंजत नाही."

"आणि?"

"वहिनी, तो म्हणतो ते बरोबर असेल तर? पाय त्याचा असेल. पण त्याला कुणीतरी सांगितलं असेल, की हाच."

सोमवारी ते चौकीत गेले. मला न सांगता. जबाब लिहून दिला, की व्हॅन न्यायला मीच सांगितलं होतं आणि ते मला आता आठवतंय. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जामिनावर सोडवून आणलं. मी त्यांना गाळ्यात नेलं, फळीवरचा खोका काढून त्यांच्या हातात दिला. नवा सिलिंडर, अपघातानंतर दोन दिवसांनी आलेला. सील तसंच. मी म्हटलं, "हे बघा. सुटा भाग आलाच नव्हता. जो भाग बसवलाच नाही, तो 'झालंय' असं तुम्ही कसं म्हणाल? तुम्ही! जो माणूस व्हॉल्व्हची टोपी लावल्याशिवाय चाक सोडत नाही!"

त्यांनी खोका उलटासुलटा करून बघितला. मग फळीवर होता तसा ठेवून दिला. "चुकून म्हणालो असेन," ते म्हणाले.

खोका मी वकिलाला दाखवला. तो म्हणाला, दाखवू, पण तुमच्याच माणसाने उलटं लिहून दिलंय. चौकीत पायपट्ट्यांची तक्रार द्यायला गेले, तर साहेब म्हणाले, फसवलं कुणाला? ज्यांना फसवलं त्यांनी यावं. कुणी गेलं नाही. बाबाने लायनर बदलून घेतले, पलीकडच्या गल्लीत. आता चाकं आवाज करत नाहीत म्हणतात. रांग रस्त्यापर्यंत येते.

आणि गेल्या रविवारी त्या रांगेत भाऊजी होते. कशाला आलात विचारलं, तर म्हणाले, माझी चूक माफ झाली का ते विचारायचंय.

मी लिहिणारी बाई नाही. लायनर ठोकणारी आहे. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की तुम्ही कुठलीही माणसं असाल, तुमच्याही गावात कुठलंतरी चाक आपोआप थांबत असेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाबावर ठेवलात, आता माझ्यावर ठेवाल, त्यात फरक काय पडला? स्वतः करून बघा. रिक्षा घ्या, जीप घ्या, मागची दोन्ही चाकं घोडीवर उचला, पुढच्या चाकाखाली दगड लावा, गियर टाका. दोन्ही चाकं फिरतील. मग लाकडाचा लांब तुकडा घ्या आणि एका टायरवर हलकेच टेकवा. हात लावू नका, लाकूडच लावा. ते थांबेल आणि दुसरं पळेल. मग लाकूड दुसऱ्या बाजूला न्या. पुन्हा तेच होईल. खरं-खोटं तुम्ही ठरवाल तिकडे जाईल. दहा वेळा करा, वीस वेळा करा. आणि पुढच्या वेळी कुणाचं चाक थांबलं, की त्या माणसाकडे बघायच्या आधी शाल कुणाच्या पायावर आहे ते बघा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि करून बघितलंत, खात्री पटली, तर आमच्या गल्लीत या. लायनरचं दुकान विचारा, कुणीही दाखवेल. शेजारच्या गाळ्यात एक माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला असतो. रोज सकाळी मी त्याच्यासमोर रिक्षा उचलते, चाक फिरवते, लाकूड टेकवते. तो बघतो, मान हलवतो, "डिफ्रन्शियल" म्हणतो. मग तोच प्रश्न विचारतो, "पण माझ्याच बाजूचं का थांबलं?" मी घरची आहे, म्हणून माझं त्याला पटत नाही. तुम्ही परके आहात. तुम्ही सांगून बघा.